खाज गेली, बीज राहिले

गेल्या आठवड्यात एक मावशी आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा अकरावीतला, तालमीत जाणारा. त्याने शर्ट वर केला तर पोटापासून कमरेपर्यंत लालसर, खवलेदार चट्टे पसरलेले. मावशींनी पिशवीतून एकेक करून मलमाच्या ट्यूब काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. एकूण सात भरल्या.

"डाक्टर, ह्या समद्या लावून झाल्या. लावली की दोन दिसांत जातंय, सोडली की दुप्पट येतंय. रक्तच खराब झालंय का ह्याचं?"

रक्त खराब झालेले नव्हते. मुलाला साधा नायटा, म्हणजे गजकर्ण झाले होते. पण आज हा शब्द 'साधा' म्हणून लिहिताना माझी लेखणी अडखळते. पंचवीस वर्षांपूर्वी दोन आठवड्यांच्या मलमाने बरा होणारा हा रोग आता दोन-दोन महिने हटत नाही, घरातल्या एकाला झाला की चौघांना होतो, आणि याला बऱ्याच अंशी आपणच जबाबदार आहोत. आपण म्हणजे डॉक्टर, औषध दुकानदार आणि रुग्ण, तिघेही. कसे ते आज सांगणार आहे. मात्र त्यासाठी आधी बुरशी नावाच्या जिवाची ओळख करून घ्यावी लागेल. ती जगते कशी आणि वाढते कशी, हे कळले की बाकीचे आपोआप कळते.

सूक्ष्मदर्शकाखालची हरळी

मी मुलाच्या चट्ट्याची कड बोथट पात्याने हलकेच खरवडली. निघालेला कोंडा काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकला आणि काही वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली धरला. या द्रावणाने त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशी मात्र तशीच राहते. मावशींना म्हटले, "या, तुम्हीच बघा."

त्यांनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "अगं बाई! ही तर हरळीची मुळं हायती की!"

इतके चपखल वर्णन मला वैद्यकीय पुस्तकातही वाचल्याचे आठवत नाही. त्वचेच्या पेशींमधून आडवे-तिडवे धावणारे, फाटे फुटलेले, पेरे असलेले तंतू. हीच बुरशी. शेतकऱ्याला हरळी ठाऊक असते. वरून कापली तर ती जात नाही, आणि जमिनीत एक पेर राहिले तरी पुन्हा रान व्यापते. नायट्याचे हेच आहे.

ना वनस्पती, ना प्राणी

आम्ही शाळेत शिकलो तेव्हा बुरशी वनस्पतींच्या धड्यात असे. आता शास्त्रज्ञ तिला स्वतंत्र सृष्टी मानतात. हिरवे द्रव्य नसल्याने तिला सूर्यप्रकाशातून अन्न बनवता येत नाही, आणि तोंड नसल्याने घासही घेता येत नाही. ती आपले पाचक रस शरीराबाहेर सोडते, समोरचा पदार्थ तिथेच विरघळवते आणि मग शोषून घेते. आपण जेवून पचवतो, बुरशी पचवून जेवते. भाकरीवरचा बुरशीचा ठिपका खालून ओलसर, मऊ लागतो तो यामुळेच.

तिच्या पेशीभोवतीची भिंत कायटिनची असते. झुरळाचे किंवा खेकड्याचे कवच ज्या द्रव्याचे, तेच हे द्रव्य. पेशीच्या पडद्यात आपल्याकडे कोलेस्टेरॉल असते, तर तिच्याकडे एर्गोस्टेरॉल. हा बारीकसा फरक आमच्या फार उपयोगाचा आहे, कारण बुरशीवरची बरीचशी औषधे नेमकी हे एर्गोस्टेरॉलच बनू देत नाहीत. एरवी बुरशीची पेशी आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. म्हणून तिला मारणारी आणि आपल्याला न दुखावणारी औषधे मोजकीच आहेत. जिवाणूंवरची अँटिबायोटिक्स तिच्यावर चालत नाहीत. ही मोजकी औषधे निकामी झाली तर पुढे काय, हा प्रश्न वाचकांनी मनात ठेवावा.

बुरशीचा प्रत्येक तंतू टोकाशी वाढतो. मध्ये बीज पडले की तंतू चहूबाजूंनी बाहेर सरकतात आणि मध्यभाग हळूहळू निवळतो. नायटा गोल का असतो आणि त्याची कड उठावदार, खाजरी असून मध्यभाग बरा झाल्यासारखा का दिसतो, त्याचे उत्तर यात आहे. कडेला बुरशी ताजी आणि जोमात असते. एवढेच नव्हे, डोळ्याला दिसणाऱ्या कडेच्या थोडी पुढे ती गेलेलीही असते. म्हणून मलम दिसणाऱ्या चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण बोटभर रुंदी जास्त, लावायचे असते.

बीजाणूंचे कारखाने

आता पुनरुत्पादन. बुरशीला 'बीजाणू' असतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म बीजे. पावावर वाढणारी काळी बुरशी भिंगातून पाहा. बारीक देठ आणि प्रत्येक देठाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढाही नसलेला काळा गोळा दिसेल. त्या गोळ्यात बीजाणू खच्चून भरलेले असतात. तो फुटला की ते वाऱ्यावर निघाले. पावसाळ्यात उगवणारी कुत्र्याची छत्री हेदेखील बुरशीचे निव्वळ फळच होय. खरी बुरशी खाली मातीत जाळे पसरून असते. छत्रीच्या खालच्या पडद्यांतून अब्जावधी बीजाणू झडतात. आपण श्वास घेतो त्या हवेत ते असतातच. बहुतेक वाया जातात, पण ओल, ऊब आणि खाद्य मिळालेला एखादाही पुरतो.

बुरशीमुळे रोग पसरतो हे माणसाला कळले रेशमाच्या किड्यांमुळे. इटलीत हे किडे मरून त्यांच्या अंगावर पांढरी पूड जमत असे. अगोस्तिनो बासी यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून १८३५ मध्ये दाखवून दिले, की ती पूड म्हणजे जिवंत बुरशी असून निरोगी किड्याला लागली की त्यालाही रोग होतो. सूक्ष्म जीव रोग पसरवतात हे पाश्चर आणि कॉख यांनी जगाला पटवले, त्याच्या कित्येक वर्षे आधीची ही गोष्ट.

बुरशी दोन प्रकारे प्रजा वाढवते. पहिला प्रकार लग्नाचा. दोन वेगवेगळ्या वाणांचे तंतू भेटतात, एक होतात आणि त्यांच्या गुणांची सरमिसळ होऊन बीजाणू तयार होतात. यात नर-मादी असा भेद नसतो, असतात ते 'वाण'. वाळक्या लाकडावर उगवणारी स्किझोफायलम नावाची एक लहानशी पांढुरकी अळंबी आहे. तिच्यात असे वीस हजारांहून अधिक वाण आहेत. आपल्याकडे स्थळ जमवताना दोन घरांचे जमेना म्हणून आपण वैतागतो. तिथे तर जवळजवळ कुणाचेही कुणाशी जमते.

दुसरा प्रकार बिनलग्नाचा, म्हणजे अलैंगिक. एकटी बुरशी स्वतःच्याच नकला काढत सुटते. पाव फुगवणाऱ्या यीस्टला अंगावर कळी फुटते आणि ती गळून नवी पेशी होते. माणसाच्या त्वचेवरची नायट्याची बुरशी बहुतांशी याच मार्गाने जाते. तिचा तंतू पेऱ्यापेऱ्याला तुटतो आणि प्रत्येक तुकडा जाड भिंतीचा बीजाणू होतो. ऊस लावायला जशी कांडी, तशी ही कांडी. आपण खाजवतो तेव्हा नखाखाली, अंथरुणावर, टॉवेलवर, चड्डीच्या शिवणीत ज्या कोंड्याचा सडा पडतो, त्यात या कांड्या असतात. त्या कोंड्यात त्या महिनोन्महिने तग धरून राहू शकतात. मग घरातल्या दुसऱ्याने तोच टॉवेल वापरला की नवी लागण झाली.

या दुसऱ्या प्रकारात एक मोठा धोका आहे. प्रत्येक पिल्लू आईची हुबेहूब नक्कल असल्यामुळे एखाद्या बुरशीला चुकून औषध पचवण्याची शक्ती आली, तर तिच्या सगळ्या वंशाला ती आयती मिळते. औषधाने बाकीच्या मरतात आणि मोकळ्या झालेल्या रानात हीच एक फोफावते.

हे नुसते पुस्तकी भय नाही. भारतात आणि नेपाळात आढळलेल्या अशाच एका नायट्याच्या बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिले. नावातला 'इंडो' म्हणजे आपणच. नायट्यावर आम्ही वर्षानुवर्षे डोळे मिटून देत आलो ते टर्बिनाफिन हे औषध तिच्या अनेक वाणांवर चालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे रुग्ण सापडले, तेव्हा अमेरिकेच्या आरोग्य खात्याने डॉक्टरांना सावध केले. आंब्याची निर्यात करायला आपल्याला किती कागद लागतात! ही निर्यात मात्र बिनपरवाना झाली.

ट्यूबमधली मिसळ

आता त्या सात ट्यूबकडे वळू. त्यांतल्या बहुतेकींत तीन-चार औषधांची मिसळ होती. एक बुरशीचे, एक जिवाणूंचे आणि एक जबर ताकदीचे स्टिरॉइड. नायट्याच्या जागी लाली येते, खाज सुटते, ती आपल्या शरीराचे सैन्य बुरशीशी लढत असल्याची खूण असते. स्टिरॉइड त्या सैन्याला झोपवते. लढाई थांबली की लाली गेली आणि खाजही गेली. रुग्ण खूश होतो आणि चार दिवसांत ट्यूब बाजूला ठेवतो. पण बुरशी मेलेली नसते. राखणदार झोपला म्हटल्यावर तीच मनसोक्त पसरते. मिसळीत बुरशीचे औषध असले तरी चार दिवसांत त्याचे काम होत नाही. उलट अर्धवट मात्रेला तोंड देऊन जगलेली बुरशीच मागे उरते. औषध पचवणाऱ्या बुरशीच्या वाढीत या मिसळीचा मोठा हात असावा, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात. मलाही तसेच वाटते.

शिवाय स्टिरॉइड त्वचा पातळ करते. जांघेत, काखेत, मांडीवर ते फार दिवस लावले तर त्वचा आतून चिरते आणि पट्टे उमटतात. हे पट्टे पुसले जात नाहीत.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. दवाखाना थाटल्यानंतरची पहिली काही वर्षे मीही अशीच ट्यूब लिहून देत होतो. औषध कंपनीचा प्रतिनिधी नमुने ठेवून जाई. रुग्णाला दोन दिवसांत आराम पडे आणि माझे नाव होई. मग एक दिवस एक शिक्षिका आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी सतरा-अठरा वर्षांची. मी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर त्यांनी वर्षभर दुकानातून तीच ट्यूब आणली होती. मुलीच्या दोन्ही मांड्यांवर बोटाएवढे रुंद पट्टे पडले होते. मुलगी खाली मान घालून बसली होती. आईने विचारले, "डॉक्टर, हे जातील ना?" मी काहीतरी पुटपुटलो. खरे उत्तर 'नाही' असे होते आणि ते द्यायचे धैर्य त्या दिवशी मला झाले नाही. ती चिठ्ठी माझ्या हस्ताक्षरात होती. त्यानंतर मी नायट्याला असली मिसळ कधी लिहिली नाही. पण आधी लिहिलेल्या चिठ्ठ्या परत घेता येत नाहीत.

कायदा आहे, पण…

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अधिसूचना काढून अनेक स्टिरॉइड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. पण कोणत्याही गावच्या दुकानात जाऊन नुसते "खाजेची ट्यूब द्या" म्हणून पाहा, काय मिळते ते कळेल.

यावर दुकानदार बंधू म्हणतात, आम्ही नाही दिली तर शेजारचा देतो. हे खरे आहे. रुग्ण म्हणतात, त्वचेचा डॉक्टर जिल्ह्याच्या गावी, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, वर एसटीचे भाडे आणि तपासणीची फी. हेही खरे आहे, आणि त्यांना नुसता उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. म्हणून माझे मागणे सरकारकडे आहे. थुंकी आणि मलेरियाचे रक्त तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक असतो, तो वापरणारा तंत्रज्ञही असतो. मी वर सांगितलेल्या तपासणीला एक काचपट्टी, एक थेंब आणि काही मिनिटे एवढेच लागते. त्या तंत्रज्ञाला ती शिकवावी आणि केंद्रात स्टिरॉइड नसलेले बुरशीचे साधे मलम कायम ठेवावे. गावातच निदान झाले तर सात ट्यूबचा खर्च कोण कशाला करील? आणि अन्न व औषध प्रशासनाने दुकानांतले चिठ्ठीचे हिशेब तपासावेत. नियम कागदावर ठेवायचा असेल तर तो काढला तरी कशाला?

वाचकांनी काय करावे

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातात आहे ते असे:

१. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असे नाव दिसले तर ते स्टिरॉइड आहे. नायट्यावर ते लावू नका. आधीपासून बरेच दिवस लावत असाल तर डॉक्टरांना तसे सांगा. सोडल्यावर काही दिवस खाज आणि लाली वाढू शकते. त्याला घाबरून पुन्हा तेच लावू नका.

२. खाज थांबली म्हणजे रोग गेला, असे नाही. बुरशी त्वचेच्या वरच्या मृत थरात राहते आणि तो थर झडून नवा यायला महिनाभर तरी लागतो. डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध घ्या आणि चट्टा पूर्ण दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे मलम चालू ठेवा.

३. घरातल्या सर्वांची एकदम तपासणी करा. एकाने औषध घ्यायचे आणि दुसऱ्याने खाजवत बसायचे, याने घरातले चक्र तुटत नाही. पायाची नखे जाड, पिवळी झाली असतील तर तीही दाखवा. नख हे या बुरशीचे कोठार असते. गोठ्यातल्या वासराच्या किंवा घरच्या मांजराच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील तर पशुवैद्यांना दाखवा.

४. टॉवेल, कंगवा, आतले कपडे, अंथरूण आणि तालमीतला लंगोट ज्याचा त्याने वापरावा. रोग्याचे कपडे वेगळे धुवा. गार पाण्यात हे बीजाणू मरतातच असे नाही, साठ अंश तापमानाचे पाणी हवे. इंग्रजांच्या काळात जांघेतल्या नायट्याला 'धोबी इच' नाव देऊन परटाला बदनाम केले गेले. वास्तविक भट्टीवर कपडे उकळणारा परीट या रोगाचा शत्रूच होता. आता भट्टी गेली, म्हणून कपडे गरम पाण्यात भिजवा, उलटे करून कडक उन्हात वाळवा आणि पावसाळ्यात शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. दमट कपडा अंगावर चढवू नका.

५. आंघोळीनंतर जांघा, काखा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. या दिवसांत घट्ट जीनऐवजी सैल सुती कपडे बरे. भातलावणीत चिखल्या झालेल्या मायभगिनींनी रात्री पाय धुऊन पुसल्याखेरीज झोपू नये.

६. रॉकेल, बॅटरीतले पाणी, ॲसिड यांपैकी काहीही चट्ट्यावर लावू नका. त्वचा भाजते आणि बुरशी बाजूने पसरते. रक्तशुद्धीच्या बाटल्यांनीही ती जात नाही, कारण ती रक्तात नसतेच.

मधुमेही व्यक्तींनी आणि गरोदर स्त्रियांनी पोटातले कोणतेही औषध मनाने घेऊ नये. डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

बुरशीबद्दल इतके वाईट लिहिल्यावर तिचे एक ऋणही सांगायला हवे. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले ते बुरशीतच. नायट्यावरचे पोटातून घेण्याचे पहिले गुणकारी औषध ग्रिझिओफुल्विन, तेही पेनिसिलियम जातीच्याच एका बुरशीतून १९३९ मध्ये वेगळे काढले गेले आणि दोन दशकांनी माणसांवर वापरात आले. पण नवे औषध हाती यायला इतकी वर्षे लागतात, आणि असलेले औषध आपल्या हलगर्जीपणाने वाया जायला तितकी लागत नाहीत. ही शिल्लक पुंजी आहे आणि ती पुढच्या पिढीसाठी जपायची आहे.

त्या मुलाचे औषध सुरू केले आहे. दोन महिने तरी लागतील, आणि तोवर तालीम बंद, असे सांगितल्यावर त्याचे तोंड उतरले. मावशी मात्र ठाम होत्या. "हरळी काढायची म्हंजी रान दोनदा तरी खणावंच लागतंय," त्या त्याला म्हणाल्या. सातही ट्यूब त्या माझ्या टेबलावरच ठेवून गेल्या. मीही त्या तिथेच ठेवल्या आहेत. नायट्याचा रुग्ण आला की आधी त्या दाखवतो आणि विचारतो, यांतली कुठली तुमच्या घरी आहे? अजून एकानेही 'नाही' म्हटलेले नाही.